हसतंय कोण आणि कोणावर: सुपरहिरो सिनेमातलं डिप्रेशन

2025 च्या मे महिन्यात 'थंडरबोल्ट्स' हा मार्व्हलचा सुपरहिरो सिनेमा आला आणि तेव्हापासून एक वाद चालू आहे, आणि मला मनापासून वाटतं की दोन्ही बाजू भलत्याच मुद्द्यावर भांडतायत. एक बाजू म्हणते, डिप्रेशन, व्यसन, लहानपणी बापाने केलेली मारहाण हे सगळं मार्व्हलच्या सिनेमात आणायचं आणि वर दर दोन मिनिटांनी एक जोक टाकायचा म्हणजे आजारी माणसांची थट्टा आहे. दुसरी बाजू म्हणते, अरे सिनेमा आहे, पॉपकॉर्न खा, एंजॉय करा, हसणं हेच औषध असतं, उगाच सगळ्यात सिरियस काय शोधता. मग चर्चा फिरून फिरून एकाच जागी येते की बॅलन्स जमला की नाही, म्हणजे भाजीत मीठ जास्त पडलं की कमी, एवढंच. माझं म्हणणं असं की विनोद किती आहे हे मोजून काहीच हाती लागत नाही. विनोद कोण करतंय, कोणावर करतंय, आणि हसून झाल्यावर सिनेमा त्या माणसापाशी थांबतो की लगेच पुढच्या फायटिंगकडे पळतो, हे बघायला पाहिजे. असं बघितलं की त्याच मार्व्हलचे दोन सिनेमे एकदम विरुद्ध टोकांना जाऊन बसतात, आणि ज्याच्यावर जास्त टीका व्हायला हवी होती तो सुटून गेलाय असं दिसतं.

तो सुटलेला सिनेमा म्हणजे 2019 चा 'ॲव्हेंजर्स: एंडगेम'. त्यातल्या थॉरचं, म्हणजे हातोडावाल्या देव-सुपरहिरोचं, काय झालेलं असतं ते आठवा. आई गेली, बाप गेला, भाऊ डोळ्यांदेखत मेला, अर्धी प्रजा संपली, आणि खलनायक थॅनोसला मारायची संधी होती तेव्हा घाव चुकला म्हणून त्याच्या एका चुटकीने अर्धी सृष्टी नाहीशी झाली हे ओझं वेगळंच. पाच वर्षांनी त्याचे साथीदार हल्क आणि रॉकेट त्याला भेटायला नॉर्वेला जातात तेव्हा तो अंधाऱ्या खोलीत बियर पीत, मित्रांबरोबर व्हिडिओ गेम खेळत बसलेला असतो, पोट सुटलेलं, केसांच्या जटा झालेल्या. घरातून बाहेर न पडणं, अंघोळीचा कंटाळा, सतत दारू, हे सगळं लेखकांनी अगदी ओळखू येईल असं लिहिलंय. हल्क थॅनोसचं नाव घेतो आणि थॉरचा चेहरा एका क्षणात बदलतो, हे नाव घेऊ नकोस म्हणतो, आवाज दाबलेला, डोळे भरायला आलेले. क्रिस हेम्सवर्थ त्या दोन-चार सेकंदांत जे करतो ते खरंच भारी आहे. आणि मग? मग जहाजावर बियर आहे असं सांगितल्यावर तो यायला तयार होतो आणि थेटर हसतं. पुढे तर अजून वाईट. नाहीशी झालेली सृष्टी परत आणायला तो जादूचा हातमोजा घालून चुटकी कोणी वाजवायची यावर बोलणं चालू असताना थॉर अक्षरशः गयावया करतो की मला करू द्या, एक तरी चांगली गोष्ट माझ्या हातून होऊ द्या. तीन तासांच्या सिनेमात त्याच्या मनाच्या तळातून आलेलं हे एकमेव वाक्य असेल. तेव्हा माझ्या नसांतून काय वाहतंय माहितीये का असं तो विचारतो आणि मागून साथीदार ऱ्होडी चीजचा जोक मारतो. झालं, विषय संपला. त्याची विनवणी कोणी ऐकलीच नाही, पात्रांनी नाही आणि आपणही नाही.

माझा एक मामेभाऊ तेव्हा डिप्रेशनच्या गोळ्यांवर होता आणि त्याचं वजन बरंच वाढलं होतं, काही औषधांनी वाढतं तसं. आम्ही चार-पाच भावंडं एकत्र 'एंडगेम'ला गेलो होतो. पोट सुटलेला थॉर पडद्यावर आल्यावर सगळं थेटर फुटलं, शिट्ट्या, टाळ्या, आणि तोही हसला, खोटं नाही हसला, त्याला खरंच हसू आलं. पण थोड्या वेळाने बघितलं तर पायाशी ठेवलेली सॅक त्याने उचलून मांडीवर घेतली होती आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसला होता, ती सिनेमा संपेपर्यंत तशीच. त्याला मी कधी काही विचारलं नाही. पण जे लोक म्हणतात की जोकने कोणाचं काय बिघडतं, त्यांना मला हेच सांगायचंय की जोक पडद्यावर संपत नाही, थेटरात तो कोणाच्या तरी अंगावर पडतो आणि तो माणूस शेजारच्या खुर्चीत असू शकतो.

आता 'एंडगेम'च्या बाजूने जो सगळ्यात तगडा मुद्दा आहे तो मान्य करायलाच पाहिजे. भूतकाळात गेल्यावर थॉरला त्याची आई भेटते, तिला बघताच कळतं की पोराचं काहीतरी बिनसलंय, आणि ती सांगते की आपण जसं असायला हवं होतं तसं होणं कोणालाच जमत नाही, आहोत तसं असणं किती जमतं यावर माणसाची परीक्षा. मग तो हात पुढे करतो आणि हातोडा येतो, म्हणजे तो अजूनही लायक आहे, त्याच पोटासकट. शेवटच्या लढाईतही तो तसाच लढतो, चमत्कार होऊन बारीक होत नाही. हे मोठं आहे, मी नाकारत नाही, आणि अनेकांना त्या सीनने खरा धीर दिला असणार. पण निरोप घेताना त्या आईच्या तोंडीसुद्धा लेखक सॅलड खा असा जोक देतात. आणि 2022 च्या 'लव्ह अँड थंडर'मध्ये काय होतं? सुरुवातीलाच व्यायामाच्या छोट्या छोट्या सीनची पट्टी झरझर दाखवतात, पोट गेलं, विषय मिटला. म्हणजे पोट हाच आजार होता असं लेखकांना वाटत होतं का? ज्या माणसाने एवढं गमावलंय त्याच्या मनाचं पुढे काय झालं हे विचारायची गरजच कोणाला वाटली नाही, कारण आपण हसलो होतो त्याच्या शरीराला, आणि शरीर तर दुरुस्त झालं.

याच्या शेजारी 'थंडरबोल्ट्स' ठेवा. सुरुवातच अशी की सिनेमाची नायिका, मारेकरी येलेना क्वालालंपूरच्या मर्डेका 118 या इमारतीच्या टोकावर उभी आहे, आतमध्ये पोकळी आहे असं शांतपणे सांगते, आणि उडी मारते. पॅराशूट उघडतं, ती कामावर निघालेली असते. तिला रडू येत नाही, ती फक्त कंटाळलेली आहे, आणि डिप्रेशन बऱ्याचदा असंच दिसतं हे ज्यांनी जवळून बघितलंय त्यांना माहितीये, माणूस ऑफिसला जातो, काम करतो, घरी येतो, फोन बघत बसतो, पितो, झोपतो. सिनेमात विनोद भरपूर आहे. तिचा बाप ॲलेक्सी तर पूर्ण विनोदी पात्र आहे, लिमोझीन चालवतो, जुन्या पराक्रमांच्या बढाया मारतो, सगळी टीम मोठ्या खोल शाफ्टमधून पाठीला पाठ लावून वर चढते तो सीन निव्वळ धमाल आहे. पण एक गोष्ट नीट बघा. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर येलेना जेव्हा खरंच कोसळते, मी काय काय वाईट केलंय तेच मनात घोळत बसते, घरी कोणी नाही, असं सगळं भडाभडा बोलते, तेव्हा ॲलेक्सी जोक मारत नाही. सिनेमातला सगळ्यात बडबड्या माणूस तिथे बाप होतो. लहानपणी तू फुटबॉलमध्ये गोलकीपर व्हायचं म्हणायचीस, कारण कोणाकडून चूक झाली तरी मागे तू असशील, अशी आठवण काढतो. जोक कधी थांबवायचा हे ज्या लेखकाला कळतं त्याने आधी कितीही जोक मारलेले असू देत, माझी तक्रार नाही. 'एंडगेम'मध्ये बरोबर त्याच जागी चीजचा जोक होता.

याच सिनेमातल्या बॉबकडे येऊ, कारण खरी टीका त्याच्यावरून आहे आणि ती टीका बिनबुडाची नाही. बॉब हा व्यसनी, मारहाण सोसलेला, कधी आभाळाएवढा आनंद तर कधी पार तळ अशा मनःस्थितीचा पोरगा, त्याच्यावर प्रयोग होतात आणि त्याला अफाट ताकद मिळते, आणि त्याचं डिप्रेशन म्हणजे व्हॉइड नावाचा काळ्या सावलीसारखा माणूस होऊन अख्खं न्यूयॉर्क गिळायला निघतं. आक्षेप असा की मानसिक आजार असलेला माणूस म्हणजे धोका, हीच जुनी समजूत तुम्ही परत विकताय. हा आक्षेप गंभीर आहे. आपल्याकडे अजूनही घर भाड्याने देताना, लग्न ठरवताना, नोकरीत लोक याच भीतीने वागतात, आणि वस्तुस्थिती अशी की मानसिक आजार असलेल्या माणसांनी दुसऱ्याला इजा करण्यापेक्षा स्वतः इजा सोसण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. तरीपण मला दोन गोष्टी दिसतात. एक, व्हॉइड माणसांना फाडत-तोडत नाही, तो त्यांना त्यांच्या सगळ्यात लाजिरवाण्या आठवणीत कोंडून ठेवतो, येलेनाला तिच्या लहानपणच्या गुन्ह्यात, टीममधल्या वॉकरला त्या घरात जिथे बाळ रडतंय आणि हा फोन बघत बसलाय. म्हणजे जे डिप्रेशन आतल्या आत करतं तेच बाहेर काढून दाखवलंय. दुसरं, बॉबला हत्यार कोण बनवतं? सीआयएची प्रमुख व्हॅलेंटिना, जिला त्याचा आजार माहिती असतो आणि त्याचा वापर करून घ्यायचा असतो. धोका माणसात आहे की त्याला वापरणाऱ्यांत, हे सिनेमा स्पष्ट सांगतो. आणि ज्यांना वाटतं विनोद काढून टाकला की संवेदनशीलता आपोआप येते, त्यांनी 2019 चाच 'जोकर' आठवावा. त्यात हलकंफुलकं काही नाही, व्हेनिसचा गोल्डन लायन मिळाला, जोकर झालेल्या वाकीन फिनिक्सला ऑस्कर मिळालं, अभिनय थोरच आहे, पण आजारी माणसाच्या गोळ्या बंद झाल्या आणि तो खून करत सुटला ही गोष्ट तिथे कितीतरी जास्त ठळकपणे सांगितलीये. गंभीर चेहऱ्याने सांगितलं म्हणून ते कमी घातक होतं का?

दुसरा आक्षेप मिठीचा. शेवटी बॉब व्हॉइडला ठोसे मारत सुटतो, जितका मारतो तितका तो काळोख त्याच्याच अंगावर चढत जातो, आणि मग सगळे येऊन त्याला मिठी मारतात आणि शहर वाचतं. मिठीने डिप्रेशन बरं होतं का? नाही होत. आणि हे मी फार ठामपणे म्हणतो कारण आपल्या घराघरांत हेच चालतं, चार लोकांत मिसळ, फिरायला जा, मन रमव, कशाला त्या गोळ्या. ज्या पोराला सायकियाट्रिस्टची गरज आहे त्याला महाबळेश्वरला घेऊन जाणारे आईबाप मी बघितलेत, प्रेमाने घेऊन जातात, आणि महिने वाया जातात. सिनेमात डॉक्टर नाही, थेरपी नाही, गोळी नाही, प्रयोगशाळा आहे ती पण त्याला अजून बिघडवणारी. ही त्रुटी आहे आणि तिचं समर्थन मी करणार नाही. पण सिनेमा नक्की काय म्हणतो ते तरी नीट ऐकूया. आधी तळघरात बॉब येलेनाला विचारतो की या पोकळीचं करायचं काय, आणि ती म्हणते दाबायचं, आत ढकलायचं, त्यावर आपल्याला जरासं हसू पण येतं कारण ती ते इतक्या सहज सांगते. नंतर त्याच बॉबसमोर ती कबूल करते की मी चुकीचं सांगितलं, एकट्याने हे दाबून ठेवता येत नाही, कोणाबरोबर तरी राहायला पाहिजे, आणि पोकळी जाईलच असं नाही पण हलकं नक्की वाटेल. जाईलच असं नाही! एवढा मोठा व्यावसायिक सिनेमा आजार बरा झाल्याचं प्रमाणपत्र न देता थांबतो हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मिठीने एक रात्र निभावली, एवढंच त्याचं म्हणणं आहे, आणि एक रात्र निभावणं ही छोटी गोष्ट नसते.

इथे कोणी म्हणेल, आजारी माणूस स्वतःच स्वतःवर जोक मारत असेल तर मग सगळं ओके का? नाही, आणि हा माझ्या स्वतःच्या मुद्द्याला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. 2013 च्या 'आयर्न मॅन 3'मध्ये आयर्न मॅनला, म्हणजे टोनी स्टार्कला, पॅनिक अटॅक येतात, एका हॉटेलात लहान मुलीच्या चित्रावर सही करता करता हात थांबतो, श्वास लागतो, तो धावत बाहेर जाऊन आपल्या चिलखती सूटमध्ये शिरतो आणि त्यातल्या कॉम्प्युटर मदतनीस जार्व्हिसला विचारतो की हृदय तपास, मेंदू तपास, आणि कळतं की हा अँग्झायटी अटॅक आहे. तो भयंकर चकित होतो, कारण त्याच्या मते असलं काही त्याला होऊच शकत नाही. पूर्ण सिनेमाभर तो जोक मारत राहतो आणि तेच त्याचं चिलखत आहे. आपल्या ओळखीत असे लोक असतात, ग्रुपमधला सगळ्यात जास्त हसवणारा, आणि काही झालं की सगळे म्हणतात अरे कालच तर पार्टीत मस्करी करत होता. म्हणून जोक त्याचा स्वतःचा असला तरी जोकच्या मागे काय आहे हे सिनेमाने दाखवलं पाहिजे, आणि 'आयर्न मॅन 3' ते दाखवतो, निदान शेवटपर्यंत दाखवतो. मग अगदी शेवटी, नावं संपल्यावर, टोनी आपलं सगळं मन शास्त्रज्ञ ब्रूस बॅनरपुढे, म्हणजे हल्कपुढे, मोकळं करतोय असं कळतं आणि बॅनर झोपून गेलेला असतो, उठून म्हणतो मी त्या प्रकारचा डॉक्टर नाही. थेटरात तेव्हा लोक खूप हसले होते. मला तो जोक तेव्हाही टोचला आणि आज जास्त टोचतो. ज्याला मन मोकळं करायला बरीच वर्षं लागतात त्याची सगळ्यात मोठी भीती नेमकी हीच असते की समोरचा ऐकणार नाही, आणि ती भीती खरी करून तुम्ही टाळ्या घेताय.

काही लोक या सगळ्यालाच मोडीत काढतात, की सुपरहिरो म्हणजे पोरांचा खेळ, त्यात असले विषय आणूच नयेत. हे तर फार जुनं आहे. 1954 मध्ये अमेरिकेत कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असा गदारोळ झाला, फ्रेड्रिक वर्थम नावाचे मानसोपचारतज्ज्ञच त्यात पुढे होते, आणि प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता करून घेतली, कॉमिक्स कोड. पुढे अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याने मार्व्हलचे लेखक-संपादक स्टॅन ली यांना विचारलं की ड्रग्जच्या धोक्यावर काही लिहाल का, त्यांनी 1971 मध्ये स्पायडरमॅनच्या 96 ते 98 या अंकांत त्याचा मित्र हॅरी ऑसबॉर्नला गोळ्यांच्या नादी लागलेला दाखवलं, आणि कोडवाल्यांनी शिक्का द्यायला नकार दिला कारण ड्रग्जचा उल्लेखच नको. मार्व्हलने शिक्क्याशिवाय अंक काढले, आणि त्याच वर्षी कोड सैल करावा लागला. ते अंक काही रडके नव्हते, स्पायडरमॅन त्यातही फटकेबाजी करतोच, पण मित्र बेशुद्ध सापडतो तिथे ती थांबते.

आणि आपल्याला यासाठी अमेरिकेला जायची गरज पण नाही. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' 1919 मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. सुधाकर हुशार वकील, कोर्टात अपमान होतो, सनद काही काळासाठी जाते, आणि तो मनाने खचतो त्याच क्षणी तळीराम त्याच्या हातात पहिला पेला देतो. तळीराम आणि त्याचं ते आर्यमदिरामंडळ म्हणजे मराठी नाटकातला सर्वात खदखदून हसवणारा भाग, दारुड्यांचं ते तर्कशास्त्र ऐकताना आजही हसू आवरत नाही. आणि पुढे सुधाकरची बायको सिंधू दुसऱ्यांचं दळण दळत असते. गडकऱ्यांनी बॅलन्स केला का? मला तर वाटतं त्यांनी प्रेक्षकाला पकडलं. ज्या दारूवर तुम्ही आत्ता हसलात ती हे करते, असं त्यांनी हसणाऱ्यालाच उत्तर द्यायला लावलं. सिंधूच्या दुःखावर एक जोक नाही. बाबांनो, शंभर वर्षांपूर्वी ज्या भाषेत हे एवढं नीट जमलेलं आहे त्या भाषेच्या प्रेक्षकाने "विनोद आला की गांभीर्य जातं" असं म्हणणं मला पटतच नाही.

मग गंभीर विषय गंभीर सिनेमांनाच करू द्या असंही एक म्हणणं असतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' आहेच की, डिप्रेशनवर इतका हळुवार सिनेमा क्वचितच झालाय, 2016 सालासाठी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण सोळा-सतरा वर्षांचा पोरगा मित्रांबरोबर रविवारी कुठल्या सिनेमाला जातो? त्याला पोकळी, लाज, गळून गेल्यासारखं वाटणं यांची ओळख पहिल्यांदा जर बॉबकडून होणार असेल तर बॉब कसा लिहिलाय याची काळजी आपल्याला असायलाच हवी, त्याला "टाइमपास आहे" म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याकडच्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार म्हणून नाही तर प्रचंड ताणाखाली असलेला माणूस म्हणून बघायला सांगितलं. कायदा तेवढं करू शकतो. पण मित्र गप्प गप्प असेल तर त्याला काय विचारायचं, त्याच्यावर कधी हसायचं नाही, हे पोरं कायद्यातून शिकत नाहीत, सिनेमातून शिकतात, एकमेकांच्या हसण्यातून शिकतात.

'थंडरबोल्ट्स'मध्ये नावं संपल्यानंतरच्या सीनमध्ये चौदा महिने झालेले असतात, टीम आता बिल्डिंगमध्ये राहते, आणि बॉब पुस्तक घेऊन बसलेला असतो. ताकद वापरली तर व्हॉइड परत येईल म्हणून तो काहीच करू शकत नाही, पण भांडी मात्र मी घासली, असं सांगतो. सगळ्या सिनेमातला मला सर्वात आवडलेला जोक हा. तो बॉबचाच आहे, बॉबवर नाही, आणि ज्यांनी वाईट दिवस काढलेत त्यांना माहितीये की भांडी घासली गेली हा त्या दिवसाचा मोठा पराक्रम असतो. 2026 च्या डिसेंबरसाठी 'ॲव्हेंजर्स: डूम्सडे' जाहीर झालाय आणि त्याच्या कलाकारांच्या यादीत लुईस पुलमनचं नाव आहे, म्हणजे बॉब परत येणार, आणि तो सिनेमा 'एंडगेम'वाल्या रूसो बंधूंचाच आहे म्हणून मला जरा भीती वाटते. लढाईत माणूस कमी पडला की बॉबला बाहेर काढतील, व्हॉइड त्यांच्या सोयीचा होईल, आणि थॉरसारखाच हाही प्रश्न एका पट्टीत मिटवून टाकतील, असं होऊ शकतं. मला त्यांच्याकडून हवंय ते एवढंच की कोणीतरी बॉबला येता जाता विचारावं की गोळ्या घेतोयस ना, डॉक्टरची पुढची तारीख कधी आहे, आणि त्यावर त्याने पाहिजे तर एखादा जोक मारावा.